कार्ड मुलीच्या नावाचं

शंका : 2020 च्या उन्हाळ्यात टपालानं एक साधं पांढरं पाकीट आलं. आत प्लास्टिकचं कार्ड आणि त्यावर माझ्या दुसरीतल्या मुलीचं नाव. आम्ही कुठे अर्जच केला नव्हता. फसवणूक असेल म्हणून ते कात्रीनं कापून टाकलं. आता सुट्टीसाठी असंच कार्ड मिळतं म्हणतात. तेही आपोआप येईल का?
– एक आई, क्वीन्स, न्यू यॉर्क

समाधान : तुम्ही कापलंत ते कार्ड खरं होतं. त्यावर 420 डॉलर होते. वाईट वाटून घेऊ नका. त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या कितीतरी घरांत हेच झालं होतं.

शाळा बंद झाल्या तसं मुलांचं तिथलं जेवणही बंद झालं. त्या जेवणाची किंमत घरी पोचवायची, असा कायदा 18 मार्च 2020 रोजी झाला. नाश्ता आणि दुपारचं जेवण मिळून दिवसाला 5.70 डॉलर. पैसा केंद्राचा, पण पोचवायचं काम राज्यांचं, आणि घोडं तिथेच अडलं. कोणतं मूल पात्र आहे हे शाळेला ठाऊक. कार्डं काढायची यंत्रणा ‘स्नॅप’ची, म्हणजे धान्याची मदत देणाऱ्या खात्याकडे. या दोन ठिकाणच्या याद्या एकमेकींशी नीट जुळत नव्हत्या. त्यात आपली नावं! एकीकडे वडिलांचं नाव मधे, दुसरीकडे ते गायब, आणि पत्ता दोन घरं मागचा. कॅलिफोर्नियानं ज्यांची नोंद आधीच होती त्यांना कार्डं पाठवली, बाकीच्यांना अर्ज करायला लावला. न्यू यॉर्कनं ‘स्नॅप’वाल्या घरांचे पैसे त्यांच्या जुन्याच कार्डावर टाकले, मेडिकेडवरच्या मुलांचे मेडिकेडच्या कार्डावर, आणि उरलेल्यांना नवं कार्ड धाडलं. तुमच्या शहरात 2017 पासून सरकारी शाळेतलं जेवण सगळ्यांनाच मोफत आहे, म्हणून तिथे गरीब-श्रीमंत न बघता प्रत्येक मुलाला पैसे मिळाले. तुमचं पाकीट न मागता आलं ते यामुळे.

आताची योजना वेगळी आहे. 2024 पासून पात्र मुलाला उन्हाळ्यासाठी 120 डॉलर मिळतात, पण मोफत जेवणाच्या शाळेत नाव आहे एवढ्यानं भागत नाही. घर ‘स्नॅप’सारख्या मदतीवर असेल तर नोंद सहसा आपोआप होते, नाहीतर उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या 185 टक्क्यांच्या आत असल्याचा अर्ज भरावा लागतो. तेव्हा या वेळी टपालपेटीकडे डोळे लावून बसू नका, अर्ज करा. शाळेला सुट्टी लागायच्या आत तिथल्या ऑफिसात जाऊन पत्ता आणि नावाचं स्पेलिंग स्वतःच्या डोळ्यांनी बघून या. पैसे जमा झाल्यापासून 122 दिवसांत खर्च झाले नाहीत, तर परत जातात.

शंका : आमची ग्रीन कार्डाची फाइल चालू आहे. मुलाच्या नावावर या उन्हाळी कार्डाचे पैसे घेतले तर अडचण येईल, असं यजमान म्हणतात.
– न्यू जर्सी

समाधान : ही भीती उगीच नाही. 2019 साली ग्रीन कार्डाचे नियम खरोखरच कडक केले होते आणि त्यात ‘स्नॅप’ही धरलं होतं. 2021 मध्ये ते मागे घेतले. डिसेंबर 2022 मध्ये लागू झालेल्या नियमानं धान्याची मदत मोजायची नाही, असं स्पष्ट केलं. मुलांच्या या उन्हाळी कार्डासाठी नागरिकत्वाची अटही नाही. तरी हे नियम बदलत राहतात. फाइलवर सही करण्याआधी त्या दिवशीचा नियम वकिलांना विचारा. नुसत्या भीतीपोटी मुलाच्या ताटातलं सोडू नका.

शंका : माझा भाऊ टेक्ससमध्ये आहे. त्याच्या मुलांना 2024 मध्ये हे उन्हाळी कार्ड का मिळालं नाही?
– न्यू जर्सी

समाधान : कारण 2024 मध्ये टेक्ससनं ही योजना घेतलीच नाही. फ्लोरिडा आणि जॉर्जियानंही नाही. मुलांचे 120 डॉलर केंद्र देतं, राज्याला फक्त कारभाराचा निम्मा खर्च उचलायचा असतो. एवढ्यासाठी लाखो मुलांना बाहेर ठेवणं मला अजिबात पटत नाही.

शंका : देशी दुकानात हे कार्ड चालतं का?
– एडिसन

समाधान : दुकान ‘स्नॅप’ची कार्डं घेत असेल तर चालतं. तांदूळ, तूरडाळ, कणीक, तेल, मसाले, दूध, भाजी, सगळं घेता येतं. घरी लावायला मेथी-कोथिंबिरीचं बीसुद्धा. साबण नाही, औषधं नाहीत आणि गरम तयार पदार्थ नाहीत. परवा एका ताईंबरोबर मी काउंटरवर उभी होते. डाळ-तांदूळ झाले, मुलासाठी घेतलेला गरम समोसा मशीननं नाकारला, आणि मागे रांग बघून त्या सगळंच सोडून निघाल्या. त्यांना थांबवलं. फक्त समोसा बाजूला काढला, फ्रीजरमधलं गोठवलेल्या समोशांचं पाकीट आणलं, ते चाललं. तुमच्यावर तशी वेळ आली तर ती एक वस्तू काढायला सांगा आणि पिन पुन्हा टाका.