नको असलेले पान : एका पत्त्यांच्या खेळाचा प्रथम परिचय

पत्त्यांचा खेळ म्हटला की आपल्यासमोर दोन चित्रे उभी राहतात : एक सुटीतल्या मेंढीकोटाचे व बदाम सातचे, दुसरे जुगाराच्या अड्ड्याचे. म्हणून वार्षिकांकात पत्त्यांवरचा लेख पाहून काहींच्या भुवया उंचावतील. परंतु प्रस्तुत खेळात पैज नाही, समोर दुसरा खेळाडू नाही, आणि कॅट पिसून वाटणाराही कोणी नाही.

या खेळाचे नाव 'स्ले द स्पायर'. मेगा क्रिट या अमेरिकेतील छोट्या कंपनीने २०१७ साली तो अपुऱ्या स्वरूपात खेळाडूंच्या हाती दिला आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण केला. २०२१ पासून तो अँड्रॉइड फोनवरही मिळतो. माझ्या भावाच्या फोनवर, बदलापूर ते उल्हासनगर या प्रवासात, मी तो महिनाभर खेळून पाहिला. डाव मधेच थांबवून पुन्हा चालू करता येतो, ही लोकलने जाणाऱ्यांची मोठी सोय.

आपल्या नेहमीच्या कॅटात ५२ पाने असतात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पाने असतात. दोन्हींत कॅट ठरलेला. आपल्या वाट्याला काय येईल ते नशिबावर. २००८ साली आलेल्या 'डोमिनियन' या खेळाने ही रीत बदलली आणि खेळता खेळता प्रत्येकाने स्वतःचा कॅट बांधायचा, असा प्रकार रूढ केला. त्याला डेक-बिल्डिंग म्हणतात. 'स्ले द स्पायर' हा त्याच प्रकारातला, पण एकट्याने खेळायचा.

खेळातील पहिल्या योद्ध्याजवळ आरंभी दहाच पाने असतात : पाच प्रहाराची, चार बचावाची आणि एक जबर तडाख्याचे. प्रत्येक पाळीत पाच पाने हाती येतात व शक्तीचे तीन अंश मिळतात. प्रहाराला एक अंश लागतो व शत्रूची सहा गुणांची हानी होते. तडाख्याला दोन अंश लागतात, हानी आठची. पण त्यानंतर शत्रू दोन पाळ्या दुबळा होतो आणि प्रत्येक प्रहार नऊचा बसतो. आता हिशेब पाहा. तीन प्रहार केले तर हानी अठरा. तडाखा देऊन एक प्रहार केला तर सतरा. म्हणजे आज एकाचा तोटा, पण पुढच्या पाळीत प्रत्येक प्रहारामागे तिनाचा नफा.

खरी गंमत मात्र लढाई जिंकल्यावर आहे. बक्षीस म्हणून तीन नवी पाने समोर येतात; त्यांतले एक घ्यावे, किंवा एकही घेऊ नये. फुकट मिळणारे पान कोण सोडील? पण दहा पानांच्या कॅटात आपले उत्तम पान दर दोन पाळ्यांत एकदा हाती येते. कॅट तीस पानांचा झाला की तेच पान सहा पाळ्यांत एकदा येते, आणि तोवर शत्रू थांबत नाही. म्हणूनच या खेळात दुकानदाराला पैसे देऊन कॅटातले पान काढून टाकता येते. पहिल्या वेळी पंचाहत्तर मोहरा पडतात, पुढे दर वेळी पंचवीस अधिक. नको असलेले पान काढण्यालाही किंमत असते!

हे गणित मला जिव्हाळ्याचे वाटले, त्याला कारण आहे. आमच्या घरातून महाविद्यालयात येणारी मी पहिली. काय शिकावे हे सांगणारे घरात कोणी नाही आणि बाहेर पुष्कळ. कोणी टायपिंग सुचवते, कोणी टॅली, कोणी इंग्रजी संभाषणाचा वर्ग, कोणी स्पर्धा परीक्षा. एकेक सल्ला चांगलाच आहे. पण दिवसाचे तास मोजके, आणि बाबांची मजुरीही मोजकी. ते उल्हासनगरात नगावर जीन्स शिवतात. त्यांना मी हा हिशेब सांगितला तेव्हा ते म्हणाले, "कापड तेवढंच असतं गं. खिसे जास्त लावले म्हणून पँट मोठी होत नाही." यंदा मी इंग्रजीचा वर्ग ठेवला आणि बाकीच्यांना नाही म्हटले.

तरीही खेळ आणि आयुष्य एक नव्हे. खेळात शत्रू पुढे काय करणार याची खूण त्याच्या डोक्यावर आधीच दिसते. हरल्यास पहिल्यापासून आरंभ करावा लागतो, पण त्याला दमडी लागत नाही. वर्गाची फी मात्र एकदाच भरता येते. आणि मुख्य म्हणजे, तो योद्धा निवडणाऱ्या प्रत्येकाला तिथे तीच दहा पाने मिळतात. आपल्या वर्गात तसे नाही. कोणाच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, कोणाच्या घरी अर्ज वाचून दाखवायलाही आपणच. ज्याची सुरुवातीची पाने थोडी, त्याने प्रत्येक नवे पान अधिक विचाराने घ्यावे, एवढे मात्र या खेळावरून कळते.

एक दोषही सांगते. "आणखी एकच डाव" म्हणता म्हणता तास जातो. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, खेळून जरूर पाहा, पण परीक्षेनंतर.