पाचवे शील आणि पदार्थांची फेरपालट

सायंवंदनेच्या वेळी आमच्या वसतिगृहातील मुले पंचशील एका सुरात म्हणतात. पहिली चार शीले समजावून देताना वर्गात फारसे अडत नाही. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य यांचा अर्थ मुलांना घरादारातूनच कळलेला असतो. पाचव्या शीलापाशी मात्र अलीकडे प्रश्न येतात. दहावीच्या एका विद्यार्थ्याने उभे राहून विचारले, की रोज एकच नशेची वस्तू घेतली तर तिची सवय जडते हे मान्य. परंतु आज एक, चार दिवसांनी दुसरी, पुढच्या आठवड्यात तिसरी अशी पालटून घेतली, तर कोणत्याच वस्तूची सवय लागणार नाही ना? शेतात आपण पिकाची फेरपालट करतोच की! वर्ग हसला. आम्हांला हसू आले नाही, कारण हाच युक्तिवाद आम्ही पूर्वी एका मुलाच्या तोंडून ऐकला होता आणि तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तो मुलगा इंदापूर तालुक्यातला होता. त्याच्या दप्तरात एक वही सापडली. तिच्यात वारांचे रकाने आखलेले होते आणि प्रत्येक रकान्यात एकेक खूण होती. मावा, कार्यालयात खाडाखोडीसाठी वापरतात तो व्हाइटनर, आणि कुठल्याशा दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळविलेल्या झोपेच्या गोळ्या, अशी ती पाळी होती. एकाच वस्तूच्या दोन खुणा लागोपाठ येऊ नयेत याची त्याने काटेकोर काळजी घेतली होती. आपण व्यसनी नाही, उलट शिस्तीने वागतो, असे त्याला मनापासून वाटत होते. त्या वहीसंबंधी पुढे सांगावयाचे आहे. आधी त्याच्या समजुतीचा विचार करू.

पाचव्या शीलाच्या पालीतील शब्दांकडे नीट पाहिले, तर तेथे एका वस्तूचे नाव नाही. सुरा, मेरय आणि मज्ज असे तीन शब्द आहेत. अट्ठकथेत सुरेचे पाच आणि मेरयाचे पाच प्रकार सांगितले आहेत. पिठाची, भाताची, किण्व घातलेली अशी सुरा. फुलांचे, फळांचे, मधाचे, गुळाचे असे मेरय. बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलांना गुळापासून आणि मळीपासून काय काय गाळले जाते हे सांगावे लागत नाही. अट्ठकथाकारांनाही ते ठाऊक होते. या दहा प्रकारांनंतर ‘मज्ज’ हा शब्द येतो, म्हणजे मद आणणारे जे काही असेल ते सर्व. आणि शेवटी ‘पमादट्ठान’, म्हणजे जेथे मनुष्याची सावधानता सुटते ते ठिकाण. शीलाचा खरा रोख या शेवटच्या शब्दावर आहे. वाट कोणतीही धरली तरी पोहोचण्याचे ठिकाण तेच असेल, तर वाटा मोजून काय मिळणार?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना पंचशील दिले आणि त्याबरोबर बावीस प्रतिज्ञाही दिल्या. त्यांपैकी एक प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. आमच्या समाजातील काही मंडळी तिचा शब्दशः अर्थ घेऊन म्हणतात, की आम्ही दारू सोडली, मावा कोठे वर्ज्य सांगितला आहे? ही पळवाट फार जुनी नाही, पण सोयीची आहे. प्रतिज्ञा आणि पाचवे शील एकत्र वाचले की ती उरत नाही.

विनयपिटकातील सागत स्थविरांची कथा येथे आठवते. या स्थविरांनी आपल्या सामर्थ्याने एका भयंकर नागाला नमविले होते. ते कौशांबीस आले तेव्हा उपासकांनी आदरापोटी घरोघर त्यांच्यासाठी नितळ मद्य तयार ठेवले. प्रत्येक घरी त्यांनी ते घेतले आणि नगराच्या वेशीपाशी कोसळले. भिक्षूंनी त्यांना उचलून विहारात आणले, तर त्यांचे पाय तथागतांच्या दिशेने झाले. तेव्हा तथागतांनी भिक्षूंना विचारले, की ज्याने नागाला जिंकले त्याला आज साधा दिवड तरी आवरेल काय? या प्रसंगावरून भिक्षूंसाठी मद्यपाननिषेधाचा नियम झाला. कथेतील एक गोष्ट आम्हांला विशेष वाटते. कोणत्याही एका घराने सागतांना पाडले नाही. प्रत्येक घराचा वाटा वेगळा होता. पण तो घेणारे शरीर एकच होते.

आता शरीराचाच विचार करू. एखादा मादक पदार्थ वारंवार घेतला की पूर्वीइतक्या मात्रेने पूर्वीसारखा परिणाम होत नाही. डॉक्टर याला टॉलरन्स म्हणतात. आपण सहनक्षमता म्हणू. सहनक्षमता वाढू नये म्हणून पदार्थ पालटावा, हा फेरपालट करणाऱ्याचा हिशेब. परंतु शरीर पदार्थाचे नाव ओळखत नाही, त्याची क्रिया ओळखते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पुष्कळांनी गुटखा टाकला आणि मावा धरला. घरातील बायका मिशरी लावीतच राहिल्या. पुडी बदलली, पण तिन्हींमध्ये निकोटीन तेच.

दारू आणि झोपेच्या गोळ्यांचेही तसेच आहे. मेंदूतील उत्तेजना शांत करणारे गाबा नावाचे एक रसायन असते. दारू त्याच्या कार्याला जोर देते आणि अल्प्राझोलम, डायझेपाम या गोळ्याही त्याच कार्याला जोर देतात. म्हणून एकीची सहनक्षमता दुसरीलाही लागू पडते. आपल्या भागात कित्येक घरांतून ऐकू येते, की त्यांनी दारू सोडली, आता नुसती ताडी घेतात. महाराष्ट्रात ताडीत क्लोरल हायड्रेट मिसळल्याचे गुन्हे अनेकदा उघडकीस आले आहेत. हे गुंगीचे औषध शरीरात गेल्यावर दारूच्याच मार्गाने काम करते. सोडली असे म्हणणाऱ्या त्या मनुष्याने केवळ दुकान बदललेले असते.

मग अगदी वेगळ्या कुळातील वस्तू घेतल्या तर? एक उत्तेजित करणारी, एक गुंगी आणणारी? यावर व्हिएन्ना नगरातील एक जुने उदाहरण आहे. एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल हा शरीरशास्त्रज्ञ अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या असह्य वेदनांमुळे मॉर्फिनच्या अधीन झाला होता. त्याचा तरुण मित्र सिग्मंड फ्रॉइड याने १८८४ च्या सुमारास त्याला मॉर्फिनऐवजी कोकेन घेण्यास सुचविले. फ्रॉइडचा हेतू निर्मळ होता. परंतु फ्लाइश्लचे मॉर्फिन सुटले नाही आणि कोकेन त्याच्या जोडीला आले. १८९१ साली तो निधन पावला. एवढ्या विद्वानांना जे साधले नाही ते सोळा वर्षांच्या मुलाला वहीत रकाने आखून साधेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

असे का होते? निरनिराळ्या पदार्थांच्या वाटा मेंदूतील ज्या भागात एकत्र येतात तेथे डोपामीन हे रसायन सुखाची आणि ओढीची नोंद ठेवते. पदार्थ कोणताही असो, कंटाळा आला, भीती वाटली, घरची आठवण आली, की काहीतरी बाहेरून घ्यावयाचे, हा एकच धडा तेथे गिरविला जातो. फेरपालटीत वस्तू बदलतात, धडा रोज तोच असतो.

फेरपालटीचा आणखी एक धोका आहे आणि तो अधिक तातडीचा आहे. साखर कारखान्यात पहिल्या पाळीचे कामगार घरी गेल्यावर दुसरी पाळी येते. शरीरात तसे होत नाही. डायझेपामसारख्या गोळीचा अंश अनेक दिवस अंगात राहतो. तिची पाळी संपली असे समजून मनुष्य दारू घेतो, किंवा खोकल्याचे कोडीनयुक्त औषध पितो, तेव्हा दोन्हींचा भार श्वास चालविणाऱ्या मेंदूच्या केंद्रावर एकाच वेळी पडतो. झोपेत श्वास मंदावतो आणि थांबतो. शेजारच्या खाटेवरील मुलाला तो घोरतो आहे असेच वाटते.

उलट बाजूने, मधल्या खंडात जुन्या पदार्थाची सहनक्षमता खरोखर उतरलेली असते. पण हाताला पूर्वीची मात्रा ठाऊक असते. खंडानंतर तीच मात्रा घेतली की ती जड जाते. कॅनडातील शेपर्ड सीगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. हेरॉइनची सवय असलेल्या उंदरांना मोठी मात्रा नेहमीच्या जागी दिली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश मेले. नव्या जागी दिली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश. सहनक्षमता ही अंगात साठविलेली ठेव नव्हे. जागा बदलली तरी ती दगा देते. वसतिगृह, सुट्टीतील घर, जत्रा, मित्राची खोली असे ठिकाण सतत बदलणाऱ्या आमच्या मुलांनी हे ध्यानात घ्यावे.

व्हाइटनर आणि तत्सम हुंगण्याच्या वस्तूंबद्दल तर पाळीचा प्रश्नच नाही. त्यांच्या वाफेने हृदयाची लय एकाएकी बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये अधिक प्रमाणात आढळलेला हा एकच वर्ग होता, प्रौढांत ०.५८ टक्के, तर दहा ते सतरा वयोगटात १.१७ टक्के.

आणि जे विकत घेतले तेच पुडीत आहे कशावरून? फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोनचा प्रचंड साठा जप्त केला. तोपर्यंत ही वस्तू मुंबईच्या वर्तमानपत्रांत वाचण्याची होती. अशी भुकटी नावाविना आणि मात्रेविना हातोहात जाते. ज्याला तिच्यात काय आहे हेच ठाऊक नाही, त्याने तिची पाळी कशी लावावयाची?

राहिला पिकाचा दाखला. तो देणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही त्याच्याच शिवारात नेले. उसानंतर हरभरा घेतला तर हरभऱ्याच्या मुळावरील गाठी जमिनीला नत्र परत देतात. फेरपालट उपयोगी पडते ती या परतफेडीमुळे. नशेचा कोणता पदार्थ शरीराला काय परत देतो? दुसरे असे, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूर भाग बागायती झाला; पुढे थोड्याच काळात खोऱ्यात मिठाने पांढरी पडलेली रानेही दिसू लागली. हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच या क्षारपड जमिनींचा अभ्यास केला होता. अतिपाण्याने भूजल वर चढते, ऊन पाणी ओढून घेते आणि क्षार मागे ठेवते. अशा रानात नुसते पीक बदलून भागत नाही. पाणी आवरावे लागते आणि चर काढून निचरा करावा लागतो. तो विद्यार्थी बराच वेळ त्या पांढऱ्या मातीकडे पाहत होता. त्याच्या चुलत्याची दोन एकरे तशीच गेली आहेत, हे त्याने परतताना सांगितले.

आता त्या वहीकडे येतो. वही सापडली तेव्हा आम्ही त्या मुलाला चोवीस तासांच्या आत घरी पाठविले. पालकांना दिलेल्या पत्रात ‘गैरवर्तन’ एवढाच शब्द होता. मुलाची बदनामी नको, असे आम्ही एकमेकांना सांगितले. संस्थेची बदनामी नको, हेही मनात होते. वडिलांनी त्याला घरात बसविले आणि जवळ सापडले ते सर्व फेकून दिले. त्यांत गोळ्याही होत्या. वहीतल्या खुणा वाटत होत्या त्यापेक्षा त्याच्या गोळ्या बऱ्याच वाढल्या होत्या. तिसऱ्या रात्री त्याला आकडी आली. अल्प्राझोलमसारख्या गोळ्या आणि बरीच वर्षे घेतलेली दारू एकाएकी बंद केली तर आकडी येते, भ्रम होतो, प्राणही जाऊ शकतो. त्या वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळू उतरवाव्या लागतात. हे वडिलांना माहीत नव्हते. आम्ही वही वाचली होती, त्यांनी नाही. मुलगा वाचला. उपचारासाठी त्याला पुढे दोनदा दाखल व्हावे लागले आणि त्याचे एक वर्ष गेले.

त्यानंतर आम्ही नियम बदलला. व्यसन आढळलेल्या विद्यार्थ्याचे नाव प्रथम काढले जात नाही, प्रथम डॉक्टरांकडे नेले जाते. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणाने व्यसनी मनुष्याला रुग्ण म्हणून पाहण्याची दृष्टी महाराष्ट्राला दिली. ती आमच्यापर्यंत उशिरा पोहोचली, हे आम्ही कबूल करतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातही स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलम आहे. तेव्हा भीतीने लपविण्याचे कारण नाही. मुलांना अशा वस्तू पुरविणाऱ्याची गोष्ट वेगळी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाने त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पालकांसाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा निःशुल्क मदत क्रमांक वसतिगृहाच्या फलकावर लिहिलेला आहे.

पालकांना जाणाऱ्या पत्राचा नमुनाही बदलला आहे. ‘गैरवर्तन’ हा शब्द त्यातून काढला आहे. त्या जागी आता तीन ओळी आहेत: कोणकोणत्या वस्तू, किती दिवसांपासून, आणि शेवटची केव्हा घेतली.