बेटाआधी महिना बघ

नाशिक

चि. ईशा हीस,


तुझी यादी मिळाली. मालदीव, अंदमान, बाली आणि खाली ‘मावशी, तू सुचव’. सुचवते. पण ही यादी करताना तुम्ही दोघांनी समुद्राचा रंग पाहिलात, कॅलेंडर पाहिलं नाहीत. डोंगरात हवा बिघडली तर गाडी काढून दुसऱ्या गावी जाता येतं. बेटावर हवा बिघडली की बोट बंद, खिडकीत बसा आणि पाऊस बघा. म्हणून आधी महिना, मग बेट. आपल्याकडे तर महिनाही आपल्या हातात नसतो, तो गुरुजी आणि कार्यालयवाले मिळून ठरवतात. तुमचा मुहूर्त वैशाखातला, म्हणजे मे. तेव्हा मे महिन्यात कुठल्या बेटावर चालता, पोहता आणि चढता येईल, एवढाच प्रश्न घेऊन बस.

या प्रश्नाला अंदमान पहिल्याच फेरीत गळतं, आणि मला त्याची हळहळ वाटते. लग्न माघात असतं तर मी दुसरं नाव घेतलं नसतं. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तिथला समुद्र शांत असतो. स्वराज द्वीपावर, म्हणजे जुन्या हॅवलॉकवर, स्कूबा शिकता येतं. उत्तरेला दिगलीपूरला सॅडल पीक आहे, 732 मीटर, अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर, दाट जंगलातून चढायचं. आपली माणसं सेल्युलर जेलला हात जोडून दोन किनारे बघून परततात, दिगलीपूरपर्यंत फार थोडे जातात. पण मान्सून केरळच्याही आधी तिथे पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. बोटी रद्द व्हायला लागतात आणि आखलेलं सगळं कोसळतं. लग्नाचा पहिला वाढदिवस थोडा अलीकडे ओढा आणि तेव्हा जा. गेलात तर जारवांच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर ‘आदिवासी दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या गाडीत बसू नका. तिथे फोटो काढायला कायद्याने बंदी आहे, आणि नसती तरी माणसं बघायला तिकीट काढून जाऊ नये.

मालदीव तुझ्या होणाऱ्या सासूबाईंनी सुचवलंय हे मला कळलं, म्हणून जपून लिहिते. ज्याला पाण्याखाली उतरायचंय त्याच्यासाठी ते फार मोठं ठिकाण आहे. पण त्या अख्ख्या देशात समुद्रसपाटीपासून तीन मीटर उंचीची नैसर्गिक जागा नाही. हरिश्चंद्रगड पायाखाली घातलेल्या मुलीला तिथे तिसऱ्या दिवशी काय सुचेल? रिसॉर्टचं बेट चालत फिरायला अर्धा तासही लागत नाही. बिछान्यावर टॉवेलचे हंस आणि गुलाबपाकळ्या मात्र मिळतील. त्या हव्या असतील तर लोणावळ्यालाही मिळतात.

आता तुमच्या दोघांबद्दल. ट्रॅव्हल एजंट ‘अ‍ॅडव्हेंचर कपल’ म्हणून एकच खोका भरतो, त्यात झिपलाइन, बनाना राइड आणि एटीव्ही कोंबतो. तुम्ही दोघं एका जातीचे साहसी नाही. तुझे पाय डोंगराचे. निनाद पाण्यातला माणूस, मालवणच्या समुद्रात पोहणारा. तू लिहिलंयस की उंच कड्यावरून खाली बघितलं की त्याला गरगरतं, आणि तुला बोट लागते. हे एजंटला सांगणार नाहीस, पण बेट याच्यावरच ठरतं. निव्वळ समुद्राचं बेट घेतलंस तर तू कंटाळशील, निव्वळ डोंगराचं घेतलंस तर तो सोबत म्हणून चालत राहील. आठ दिवस नुसतं सोबत म्हणून चालणं नव्या नवऱ्यालाही जड जातं.

म्हणून माझं मत: रियुनियन, आणि त्याच्या आधी-नंतर थोडं मॉरिशस.

रियुनियनचं नाव आपल्या हनिमूनच्या जाहिरातींत दिसत नाही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. हिंदी महासागरात मॉरिशसच्या नैर्ऋत्येला असलेलं हे फ्रान्सचं बेट. क्षेत्रफळ 2,512 चौरस किलोमीटर, गोव्याच्या दोन-तृतीयांश. एवढ्याशा जागेत पितों दे नेज हे 3,070 मीटरचं शिखर उभं आहे. कळसूबाई 1,646 मीटर, यावरून अंदाज घे. पितों दे नेज हा जुना, विझलेला ज्वालामुखी. त्याच्या भोवती जमीन खचून आणि पावसाने कोरून तीन प्रचंड खोलगट दऱ्या तयार झाल्या आहेत: सिलाओस, सालाझी आणि माफात. 2010 मध्ये युनेस्कोने हे कडे, शिखरं आणि दऱ्या जागतिक वारशात घेतल्या. आग्नेयेला दुसरा ज्वालामुखी आहे, पितों द ला फुर्नेझ, तो जिवंत आहे आणि वारंवार उफाळतो.

भूगोल शिकवण्यात जन्म गेला, म्हणून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो आणि सह्याद्रीच्या पलीकडे माण-खटाव कोरडे राहतात. तिथे व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे पूर्व किनारा ओला आणि पश्चिम किनारा पर्जन्यछायेत. चक्रीवादळांचा हंगाम एप्रिलपर्यंत ओसरतो. मेपासून दक्षिण गोलार्धातला हिवाळा लागतो आणि चालायचे दिवस सुरू होतात. तुमचा मुहूर्त तिथे बरोबर बसतो. फक्त ढग रोज दहा-अकराच्या सुमाराला वर चढतात, म्हणून डोंगरात उजाडताच निघायचं. तुला याची सवय आहे, निनादला लावावी लागेल.

माफातमध्ये गाडीरस्ता नाही. चालत जायचं किंवा हेलिकॉप्टरने, आणि वाणसामानसुद्धा हेलिकॉप्टरनेच येतं. मळ्यांतून पळालेले गुलाम या दऱ्यांत लपले, त्यांच्यातल्याच एका म्होरक्याचं नाव दरीला मिळालं. आज तिथे छोट्या पठारांवर वाड्या आहेत आणि ‘जीत’ नावाची साधी मुक्कामाची घरं. सालाझीच्या बाजूने कोल दे बफ खिंडीतून उतरलात की दोनेक तासांत ला नुव्हेल ही वाडी येते. तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी मार्ला, तिसऱ्या दिवशी 2,081 मीटरची ताइबी खिंड चढून सिलाओसमध्ये उतरायचं. या वाटेत दोर लावावा लागत नाही, निनादला झेपेल. जिथे वाट कड्याच्या अंगाने जाते तिथे त्याला पुढे ठेव आणि तू मागे राहा. वेगाने चालणाऱ्याने मागे राहायचं असतं, हा नियम तू ट्रेकला नवख्यांना सांगतेस, नवऱ्याला विसरू नकोस. आणि एक व्यवहाराची गोष्ट: जीतमध्ये बहुतेक खाटा सामायिक खोलीत असतात. जोडप्याची स्वतंत्र खोली आधी मागून घे, नाहीतर हनिमूनच्या रात्री सहा फ्रेंच गिर्यारोहकांच्या घोरण्यात जातील.

सिलाओसमध्ये एक पूर्ण दिवस काहीही ठेवू नका. गरम पाण्याचे झरे असलेलं गाव आहे, मसूर पिकतो आणि तो प्रसिद्ध आहे. निनाद शाकाहारी म्हणून तुझ्या आईला काळजी लागलीय, तिला सांग की तिथलं रोजचं जेवण भात, डाळ किंवा राजम्यासारखी कडधान्यं आणि टोमॅटो-मिरचीची झणझणीत चटणी असं असतं. बेटावर तमिळ वंशाची मोठी वस्ती आहे, देवळं आहेत, रस्त्यावर समोसे मिळतात. फक्त ‘मांस-मासे नको’ हे जीतला आरक्षण करतानाच कळव.

पितों दे नेज तू एकटी चढ. सिलाओसहून दुपारी निघून 2,478 मीटरवरच्या निवाऱ्यात झोपायचं, पहाटे उठून सूर्योदयाला शिखरावर. थंडी कडाक्याची असते, टोपी-हातमोजे घे. निनादला निवाऱ्यापर्यंत यावंसं वाटलं तर येईल, नाही तर गावात झोपेल. लग्न झालं म्हणून प्रत्येक शिखरावर जोडीचा फोटो हवाच असं नाही. तुला धबधब्यातलं रॅपलिंग आवडतं, त्यासाठी सिलाओसजवळच्या घळी नावाजलेल्या आहेत. वाटाड्याशिवाय उतरू नकोस. कामशेतला पॅराग्लायडिंग करत तू उडालीसच, सँ-ल इथे डोंगरावरून उडून समुद्राकाठी उतरता येतं. निनादला आग्रह करू नकोस.

फुर्नेझला मात्र दोघं जा. गाडी 2,300 मीटरवर पा द बेलकोंबपर्यंत पोचते, वाटेत मंगळावर आल्यासारखं लाल-काळ्या राखेचं पठार लागतं. पुढे लाव्ह्याच्या गोठलेल्या लाटांवरून विवराच्या कडेपर्यंत जाऊन यायला पाच-सहा तास. 2007 च्या एप्रिलमध्ये या विवराचा तळ सुमारे तीनशे मीटर खचला, तो वरून दिसतो. उद्रेक झाला की आतली वाट बंद करतात. ती बंद असली तर हट्ट नको, काठावरून दिसेल ते बघायचं.

आता वाईट बातमी, आणि ती निनादला तूच सांग. रियुनियनच्या उघड्या समुद्रात पोहता येत नाही. 2011 पासून तिथे शार्कचे जीवघेणे हल्ले झाले आणि 2013 पासून प्रवाळाच्या आतला उथळ पट्टा आणि देखरेखीच्या जागा सोडून पोहण्यावर निर्बंध आहेत. ‘एवढंसंच आत जातो’ म्हणणारे पोहणारे मी पाहिले आहेत, त्याला जाऊ देऊ नकोस. त्याच्या वाट्याचा समुद्र मॉरिशसमध्ये आहे. मुंबईहून आधी मॉरिशसच गाठायचं, तिथून रियुनियन जेमतेम पाऊण तास. मॉरिशसला प्रवाळाने वेढलेला शांत समुद्र आहे, ब्लू बेला स्नॉर्केलिंग, ल मोर्नला काइटसर्फिंग. ल मोर्नचा 556 मीटरचा कातळ त्याच समुद्रात उभा आहे, तोही पळालेल्या गुलामांचा आसरा होता. म्हणजे तू सकाळी चढ, त्याला पाण्यात सोड. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथे आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. तुम्ही मेमध्ये जाताय, गणपती भेटणार नाहीत, पण नावं ओळखीची भेटतील.

क्रम असा ठेव: आधी मॉरिशसला दोन दिवस नुसती झोप. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत आठवडाभर जागलेली माणसं लगेच डोंगर चढायला लायक नसतात. जेजुरीच्या पायऱ्या निनाद तुला उचलून चढणार असेल तर त्याच्या कमरेचाही विचार कर. मग रियुनियन, आणि शेवटी पुन्हा मॉरिशस. स्कूबा या शेवटच्या टप्प्यातच करायचं. डाइव्हनंतर रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो, आणि लगेच विमानात बसलं किंवा डोंगरावर गेलं तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेततं. सकाळी डाइव्ह आणि दुपारी ज्वालामुखी हा बेत कुणी विकत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. परतीच्या विमानाआधी पूर्ण दिवस कोरडा ठेवा.

कागदांचं थोडक्यात. मॉरिशसला आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही. रियुनियन फ्रान्सचं असलं तरी शेंगेनमध्ये येत नाही, म्हणून त्याचे नियम फ्रान्सच्या वकिलातीच्या साइटवर स्वतः वाच, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नकोस. नाव बदलायचं ठरवलं असशील तर परत आल्यावर बदल. तिकीट आणि पासपोर्ट यांवरचं नाव एकच हवं. आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढ, आणि लक्षात ठेव, मॉरिशसला गाड्या आपल्यासारख्या डावीकडून, रियुनियनला उजवीकडून. विम्यात डोंगरातून हेलिकॉप्टरने सुटका आणि डाइव्हिंग दोन्ही आहे का, ते कलम शोधून वाच. रियुनियनचा खर्च युरोत, म्हणजे महाग. किनाऱ्यावरच्या सँ-झिलचं चकचकीत हॉटेल सोडा, पैसे चांगल्या वाटाड्यावर घाला.

व्हिसाचं जमलंच नाही तर बाली धर, पण बालीत फार रेंगाळू नका, शेजारच्या लोंबोकला जा. मे तिथे कोरडा, रिंजानी शिखर 3,726 मीटर, आणि पायथ्यापासून फार लांब नसलेली गिली बेटं निनादसाठी. रिंजानीचा शेवटचा चढ सुट्या ज्वालामुखी खडीचा आहे, चांगलाच दमवतो. खर्च रियुनियनपेक्षा बराच कमी. गर्दी मात्र जास्त.

मे महिन्यात फ्रेंच सुट्ट्या एकामागून एक येतात आणि माफातची घरं तेव्हा लवकर भरतात. तेव्हा पत्रिका छापायला टाकायच्या आधी ला नुव्हेल, मार्ला आणि पितों दे नेजच्या निवाऱ्याचं आरक्षण उरकून घे, आणि तारखा मला कळव.

तुझी,
मावशी