प्रकल्पाची कच्ची वही

पालकहो, सहामाही परीक्षा उरकली की सातारा-सांगलीतल्या स्टेशनरीच्या दुकानांत एक ठरलेला संवाद ऐकू येतो. "नववीचा जलप्रदूषणाचा प्रकल्प आहे का?" "आहे की. रंगीत देऊ की साधा?" छापील पानं तयार, वर चकचकीत कव्हर, नाव लिहायला रिकामी रेघ. सोबतचा 'पर्यावरण वाचवा' देखावा थर्माकोलचा, तोही बाबांनी रात्री जागून कापलेला. मुलाला विचारावं, यातून काय कळलं? तो सांगतो, फेव्हिकॉल कमी पडला होता.

दोष एकट्या तुमचा नाही. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण आम्ही शिक्षकही खिरापतीसारखे वाटतो. २०१९ च्या दहावीला हे गुण नव्हते. निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर घसरला, ओरड झाली आणि गुण परत आले. त्या २० गुणांसाठी मूल नेमकं काय करतं, हे मात्र ना तुम्ही आम्हाला खडसावून विचारलंत, ना आम्ही स्वतःला.

खरा प्रकल्प कसा असतो? समजा, सांगलीतल्या एखाद्या वर्गाला एवढाच प्रश्न दिला: २००५, २०१९ आणि २०२१ साली आपल्या गल्लीत कृष्णेचं पाणी कुठवर चढलं होतं? आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीत शेंबड्या पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, हेही ठाऊक असतं. पण पुलाजवळचे ५७ फूट म्हणजे माझ्या उंबऱ्यावर किती? ते पुस्तकात नाही. ते शेजारच्या आजीला माहीत असतं, नाहीतर भिंतीवरच्या डागाला. मुलं टेप घेऊन जातात, मोजतात, नकाशावर खूण करतात. मग एकाच घरातले आजोबा म्हणतात पाणी खिडकीपर्यंत होतं आणि काकू म्हणतात छातीपर्यंत. कोणाचं धरायचं? डाग पाहायचा, शेजारच्या घरी विचारायचं, जुना फोटो शोधायचा. अभ्यास इथून सुरू होतो. कोयनेचा विसर्ग आणि अलमट्टीचा फुगवटा यांवर कट्ट्यावर सगळेच तावातावानं बोलतात. या पोरांना निदान आपल्या गल्लीपुरतं पुराव्यानिशी बोलता येईल.

आता तुमच्या तक्रारी. "पोरीला दारोदार कशाला पाठवता?" ही काळजी मला पटते. उत्तर सोपं आहे: चौघी-पाचजणींचा गट, रविवारची सकाळ, आपलीच आळी, सोबत एक आई. पण काळजीपोटी मुलींच्या वाट्याला फक्त सुवाच्य अक्षर आणि रांगोळीसारखी किनार येणार असेल, तर ते मला मान्य नाही. "गटात आमचाच राबतो, बाकीचे आयते गुण घेतात," हीही तक्रार खरी आहे. म्हणून कोणी काय केलं हे वहीत रोज नावानिशी लिहायचं आणि तोंडी प्रश्न प्रत्येकाला वेगळा विचारायचा. साठ मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासाला हे जमत नाही. शनिवारचे दोन तास जोडून मिळाले तर जमतं. मुख्याध्यापकांकडे ती मागणी आम्ही करतोच, पण पालकसभेत तुम्ही केलीत तर जास्त ऐकली जाते. "पोर्शन मागे पडेल त्याचं काय?" पडेल थोडा. वर्षाला दोनच प्रकल्प घ्यावेत, प्रत्येक विषयाचा नको, असं माझं मत आहे. आमच्यातल्या काहींना तेही रुचत नाही.

मला सगळ्यात जास्त छळणारी अडचण मात्र वेगळीच आहे: खोटा आकडा. सातारा जिल्ह्यात एकीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारं महाबळेश्वर आणि दुसरीकडे पाचशेच्या आसपास अडकणारा माण तालुका. पर्जन्यमापनाच्या प्रकल्पासाठी याहून चांगली प्रयोगशाळा कुठली? सरळ कडांची बाटली, पट्टी आणि रोज सकाळी ठरलेली वेळ, एवढंच लागतं. पण मधेच जत्रा येते, मामाचं लग्न येतं, नोंद राहते. मूल कावरंबावरं होतं आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "टाक काहीतरी, कोण बघतंय?" पालकहो, एवढं वाक्य तेवढं बोलू नका. रकाना रिकामा राहू द्या आणि शेजारी लिहू द्या, "जत्रेला गेलो होतो." मी रिकाम्या रकान्याचे गुण कापत नाही. रोज नेमका दहा मिलिमीटर पाऊस पडलेल्या वहीचे कापतो.

हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे, असं काहींना वाटतं. अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी प्रकल्प पद्धतीवरचा आपला गाजलेला लेख १९१८ साली लिहिला, हे खरं. पण पुढच्याच वर्षी कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. संस्थेचं ब्रीदच स्वावलंबी शिक्षण, आणि तिथे 'कमवा आणि शिका' म्हणत पोरं राबून शिकली. अलीकडे सातारा जिल्ह्यातलं कुमठे बीट पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले, तेही प्राथमिकची मुलं हाताळून, बोलून कशी शिकतात ते बघायला. अशी सवय लागलेलं मूल हायस्कुलात येतं आणि आपण त्याला उत्तरं उतरवून घ्यायला बसवतो.

तेव्हा या वर्षी प्रकल्प बघायला याल तेव्हा सजवलेली फाइल बाजूला ठेवा आणि मुलाकडे कच्ची वही मागा. खाडाखोड कुठे आहे, आधी काय वाटलं होतं, ते का बदललं, हे विचारा. मुलाला सांगता आलं नाही, तर त्याला रागवू नका, माझ्याकडे या. आणि कच्ची वहीच नसेल, तर मला दिसलात की आधी तेच विचारा.