आधी काळ, मग ऊर्जा: सेंटॉरस एक्स-3 चा अभ्यास

न्यूट्रॉन तारा असलेल्या जोडताऱ्यांच्या क्ष-किरणांचा अभ्यास सुरू करायचा असेल, तर पहिला स्रोत सेंटॉरस एक्स-3 हाच घ्या. तो ठळक आहे, आणि 1971 साली ‘उहुरू’ उपग्रहाला त्याचे स्पंद सापडले तेव्हापासून त्याची कक्षा बारकाईने मोजली गेली आहे. ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या लॅक्सपीसी या क्ष-किरण उपकरणाचा डेटा इस्रोच्या संग्रहातून मोफत उतरवून घेता येतो. हे उपकरण मुंबईच्या टीआयएफआरचं. त्याचं सॉफ्टवेअर पुण्याच्या आयुकातलं ॲस्ट्रोसॅट सहाय्य केंद्र पुरवतं. सोबत नासाचं हीसॉफ्ट लागेल. उपकरणाच्या तीन संचांपैकी ‘20’ क्रमांकाचाच डेटा घ्या, तो सर्वांत स्थिर आहे.

नवे विद्यार्थी थेट वर्णपटाकडे धावतात. तसं करू नका. आधी 0.1 सेकंदाच्या टप्प्यांत लाइट कर्व्ह काढा आणि डोळ्यांनी नीट पाहा. उपग्रहाच्या दर फेरीत पडणारी भगदाडं पृथ्वी आड आल्याची असतात. प्रकाश घसरून बराच काळ खालीच राहिला, तर ते जोडीदार ताऱ्याने लावलेलं ग्रहण. कक्षा 2.09 दिवसांची आहे, आणि तिचा जवळपास पाव भाग ग्रहणातच जातो. तो भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.

मग प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर आणा. पॉवर स्पेक्ट्रममध्ये 0.21 हर्ट्झजवळ टोक दिसेल, म्हणजे 4.8 सेकंदांचा स्पंद. इथेच समाधान मानलं तर पुढचं सगळं बिघडतं. न्यूट्रॉन तारा कक्षेत फिरताना आपल्यापासून सुमारे 40 प्रकाश-सेकंद पुढेमागे होतो, म्हणजे आठ स्पंदांचा फरक! कक्षेची दुरुस्ती न करता बराच काळचा डेटा एकावर एक रचला, तर स्पंदाचा आकार पुसट होतो. दुरुस्तीनंतर तोच उठावदार दिसतो. 3 ते 10 आणि 10 ते 20 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे आकार शेजारी ठेवून पाहा, खूप शिकायला मिळतं.

आता वर्णपटासाठी हीसॉफ्टमधलं एक्सस्पेक उघडा. 6.4 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास लोखंडाची रेषा रुंद दिसेल. जवळजवळच्या रेषा लॅक्सपीसीला वेगळ्या करता येत नाहीत, म्हणून ती रुंदी ताऱ्याच्या माथी मारू नका. 30 जवळची सायक्लोट्रॉन शोषण-रेषा ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र सांगते, पण उपकरणातल्या झेनॉन वायूची शोषण-कडाही जवळच, 34.5 वर आहे. खड्डा दिसला तरी पार्श्वभूमी थोडी कमीजास्त करून तो टिकतो का, हे तपासल्याशिवाय लिहू नका.