भुईचाफा : रंगीत पानांचा देशी कंद

शेतकऱ्याच्या अंगणास शोभा असावी, हें सर्वांस मान्य आहे. परंतु वैशाखांत विहिरीचा तळ दिसूं लागला म्हणजे पाणी गुरांस द्यावें कीं बागेस, असा प्रश्न पडतो. रंगीत पानांकरितां लोक क्रोटन लावतात. तो मूळचा आग्नेय आशिया व पॅसिफिक महासागरांतील बेटांचा असल्यामुळें उन्हाळ्यांत त्याचें पाणी तोडतां येत नाहीं. भुईचाफ्यास ही अडचण नाहीं, म्हणून त्याची माहिती देत आहें.

भुईचाफा हा हळद व आलें यांच्या कुळांतील बहुवर्षायु कंद होय. संस्कृतांत यास भूमिचंपक म्हणतात. केम्फेरिया रोटुंडा हें शास्त्रीय नांव लिनियस यानें १७५३ सालीं दिलें. उन्हाळ्यांत पान नसतांनाच भुईंतून पांढरीं-जांभळीं सुवासिक फुलें निघतात. पाऊस लागल्यावर पानें येतात. त्यांच्या वरील अंगावर गर्द हिरव्या रंगांत फिकट रुपेरी पट्टे असतात व खालील अंग जांभळें असतें.

लागवड मृगापूर्वीं करावी. गड्ड्याचे, प्रत्येकास एक डोळा राहील असे, तुकडे करून कापलेल्या जागीं राख लावावी व ते दोन दिवस सावलींत सुकूं द्यावे. नंतर झाडाच्या विरळ सावलींत दोन-तीन बोटें खोल व वीतभर अंतरानें लावावे. जमीन काळी व पाणी धरणारी असल्यास वाळू व कुजलेला पालापाचोळा मिसळून वाफा उंच करावा. पावसानें मोठी उघडीप दिली तरच पाणी द्यावें.

खरी जपणूक पुढें आहे. पावसाळा संपल्यावर पानें पिवळीं पडून नाहींशीं होतात. झाड मेलें असें समजून कोणी पाणी घालीत राहतात, कोणी तेथेंच दुसरें रोप लावण्यास कुदळ घालतात. पहिल्यानें निजलेला कंद कुजतो, दुसऱ्यानें तुटतो. तरी पानें पिवळीं होतांच पाणी बंद करावें, आणि शेताच्या हद्दीस दगड असतात त्याप्रमाणें वाफ्याच्या चारी कोपऱ्यांस दगड रोवावे. उन्हाळाभर घागरभरही पाणी लागत नाहीं.

कांहीं वर्षांनीं गड्डे दाट होतात. तेव्हां ते विभागून शेजाऱ्यांस द्यावे. रानांतील कंद मात्र खणून आणूं नयेत. गांवांत एका घरीं भुईचाफा असला म्हणजे सर्व गांवास बियाणें पुरतें.