अल्टरनेटर ठीक आहे, हे सांगणारा हवा

गाडीचं इंजिन चालू आहे आणि बॅटरीला लावलेला मल्टिमीटर १२.७ व्होल्ट दाखवतोय. जुन्या पठडीतला वायरमन लगेच म्हणेल, ‘चार्जिंग येत नाही, अल्टरनेटर गेला.’ जुन्या गाडीत त्याचं बरोबरही ठरलं असतं, कारण तिथला रेग्युलेटर सतत १४ व्होल्टच्या आसपास चार्जिंग देत असे. आजच्या बऱ्याच गाड्यांत मात्र धडधाकट अल्टरनेटरवरही काही वेळ हाच आकडा दिसतो. मुलाला किंवा मुलीला ऑटो इलेक्ट्रिकलकडे पाठवावं का, असं विचारणाऱ्या पालकांना मी आधी हेच उदाहरण देतो.

अल्टरनेटर फिरवायला इंधन खर्ची पडतं. म्हणून व्होल्टेज किती ठेवायचं, हे आता ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक ठरवतो. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवरचा छोटा सेन्सर करंट, व्होल्टेज आणि तापमान मोजतो आणि त्यावरून बॅटरी किती भरलीय याचा अंदाज बांधला जातो. ॲक्सिलरेटर दाबला की अल्टरनेटरचा भार कमी करायचा. पाय काढला, गाडी उताराला लागली की व्होल्टेज १५ च्या जवळ नेऊन वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत भरून घ्यायची. त्यासाठी बॅटरीत थोडी जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली असते.

त्यामुळे नुसतं व्होल्टेज मोजून निदान होत नाही. ईसीयूने किती मागितलं आणि प्रत्यक्षात किती मिळालं, हे स्कॅनरवर शेजारी शेजारी पाहावं लागतं. मागितले १२.७ आणि मिळाले १२.७, तर अल्टरनेटरला हात लावायचं कारण नाही. मागितले १४.५ आणि मिळाले १२.३, तर बेल्ट, वायरिंग, अर्थिंग तपासायचं आणि शेवटी अल्टरनेटर उतरवायचा. हा क्रम न पाळल्यामुळे चांगले अल्टरनेटर बदलले जातात आणि भुर्दंड ग्राहकाला बसतो. याची मला मनापासून चीड येते.

काही जुन्या सवयी तर धोक्याच्या आहेत. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासलं, तर त्या क्षणी उसळणारं व्होल्टेज ईसीयू जाळू शकतं. बाहेरून चार्जर लावताना निगेटिव्ह चिमटा थेट बॅटरीवर लावला, तर तो करंट सेन्सरमधून जातच नाही आणि त्याचा हिशेब चुकतो. चिमटा कंपनीने नेमून दिलेल्या बॉडी अर्थवर लावायचा असतो. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला एजीएम किंवा ईएफबी बॅटरी लागते. साधी बसवली तर लवकर दम तोडते. काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंदसुद्धा स्कॅनरने करावी लागते.

मग हे काम कुणाला जमेल? गाडी पळवायची आवड इथे फारशी उपयोगी नाही. घरातला पंखा बंद पडल्यावर तो उघडण्याआधी बोर्डात वीज येतेय का, हे पाहणारी मुलगी इथे नाव काढेल. ओहमचा नियम पक्का हवा. वायरिंग डायग्राम आणि सर्व्हिस मॅन्युअल बहुधा इंग्रजीतच असतात. बोलता आलं नाही तरी चालेल, वाचता आलंच पाहिजे. सुरुवातीची काही वर्षं पैसा बेताचा मिळतो, तेही घरात आधीच बोलून घ्यावं.

‘इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता अल्टरनेटर शिकून काय करायचं?’ पूर्ण इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो, हे खरं. पण १२ व्होल्टची बॅटरी बहुतेक गाड्यांत राहतेच. ती मोठ्या बॅटरीकडून डीसी-डीसी कन्व्हर्टरमार्फत चार्ज होते. सेन्सर, नेटवर्क, मोजमाप तेच. भर पडते ती हाय व्होल्टेजच्या सुरक्षिततेची, आणि ते रीतसर शिकल्याशिवाय त्या गाडीला हात लावू नये.

दहावीनंतर आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल आणि मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हे २ वर्षांचे ट्रेड आहेत. पुढे अप्रेंटिसशिप करता येते, किंवा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. खासगी कोर्सची फी भरण्याआधी वर्कशॉप पाहायला जा. ‘चालू गाडीवर, स्कॅनर लावून, अल्टरनेटरला मागितलेलं आणि मिळालेलं व्होल्टेज दाखवा,’ असं म्हणा. तिथे नुसते कापून रंगवलेले सुटे भाग मांडलेले असतील, तर दुसरी संस्था शोधा.